पॅड, फडकी आणि पन्नास मायक्रॉन

गाडी मशीनने पॉलिश करायची म्हटलं की माणूस आधी मशीनच बघतो. वॅट किती, स्पीड किती, वॉरंटी कुणाची. बजेटचा मोठा तुकडा तिथंच मोडतो आणि उरलेल्या चिल्लरीत बाकीचं सामान बसवायला जातो. माझं मत नेमकं उलट आहे. रंगाला मशीन टेकतच नाही. टेकतं ते मशीनला लावलेलं फोमचं पॅड, पॅडवरचं कंपाउंड म्हणजे घासायची पेस्ट, आणि शेवटी पुसायचं फडकं. पैसे कमी असतील तर मशीनमध्ये वाचवावेत, या तिघांत वाचवू नयेत.

मी काही डिटेलिंगवाला, म्हणजे गाड्या चकाचक करून देणारा धंदेवाईक नाही. शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत हिशेब बघतो. गाडी सेकंडहँड, एमएच ०९, रंग गडद निळा. पांढरी किंवा सिल्व्हर गाडी घेणारा माणूस सुखी असतो, त्याला स्वतःच्या गाडीवरचे चरे वर्षानुवर्षं दिसतच नाहीत. गडद रंगाला ती सोय नाही. दुपारी बॉनेटकडे बघावं तर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती गोल गोल बारीक रेघांचा फेर धरलेला. चरे प्रत्यक्षात गोल नसतातच. ते सगळीकडे, सगळ्या दिशांना असतात, पण जे प्रकाशाला आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून आपल्याला वर्तुळ दिसतं. यातले बहुतेक आपणच पाडलेले असतात. रोज सकाळी ऑफिसला निघताना कोरड्या फडक्याने धूळ झटकायची सवय, वॉशिंग सेंटरवर दिवसभर वीस गाड्यांवर फिरलेला तोच स्पंज, आणि शेजारच्या पोराने बॉनेटवर बोटाने लिहिलेलं स्वतःचं नाव.

त्यात आपल्याकडची धूळही साधी नाही. कोल्हापूरची हवा छान, पाणी छान, माणसं त्याहून छान, पण रंगाच्या पृष्ठभागाला हे सगळं सांगून उपयोग नाही. हंगामात गावाकडं गेलो की गुऱ्हाळाच्या चुलाण्यातली चिपाडाची राख छतावर येऊन बसते. उसाच्या ट्रॉलीमागून आलं की काचेवर माती आणि पाचटाचा भुगा. आणि शिरोलीत दिवसभर गाडी उभी केली की लोखंडाचे बारीक कण. फाउंड्रीत कास्टिंग ग्राइंड करताना उडालेला कण गरम असतो. तो रंगावर बसला की चिकटतो, पाऊस लागला की गंजतो. सिल्व्हर गाडीवर अशा जागी तांबूस ठिपके दिसतात. निळ्यावर दिसत नाहीत, पण स्वच्छ धुतलेल्या बॉनेटवर हात फिरवला की खरखर लागते.

म्हणून मशीनच्या आधीचं सामान आधी घ्यावं लागतं. दोन बादल्या घरात असतातच, एक शाम्पूच्या पाण्याची आणि एक हातमोजा खळबळायची. मायक्रोफायबरचा हातमोजा घ्यावा, स्पंज नको. स्पंज कचरा पुढं ढकलत नेतो, मोज्याचे लांब धागे तो पोटात घेतात. फोम मारायला महागडी गन आणि कॉम्प्रेसर पाहिजेच असं काही नाही. कृषी सेवा केंद्रात हाताने हवा भरायचा दोन लिटरचा फवारणी पंप मिळतो, त्यात शाम्पूचं पाणी भरून गाडीवर मारलं की वरची धूळ हात न लावता बरीचशी खाली येते. पंप मात्र नवाच घ्यायचा. शेतावरचा तणनाशक मारलेला उचलून आणायचा नाही.

लोखंडाच्या कणांना आयर्न रिमूव्हर. याचा वास कुजलेल्या अंड्यासारखा येतो, घरातली माणसं खिडक्या लावून घेतात. पण फवारल्यावर दोन-तीन मिनिटांत जे होतं ते बघण्यासारखं असतं. पारदर्शक द्रव लोखंडाच्या कणाशी जिथं भेटतो तिथं जांभळा होतो आणि दारावरून जांभळे ओघळ खाली यायला लागतात. आमच्या फाउंड्रीतला किती माल मी फुकटात घरी आणतो, ते मला तेव्हा कळलं. उन्हात मारू नये आणि अंगावर वाळू देऊ नये, एवढंच पाळायचं. त्यानंतरही खरखर उरली तर क्ले बार, म्हणजे रंगात रुतलेले कण ओढून घेणारी मातीसारखी मऊ वडी, भरपूर शाम्पूच्या पाण्यावर घसरवत. क्ले स्वतः थोडे चरे पाडतो, पण पुढं पॉलिश होणारच असतं. हे केल्याशिवाय पॅड लावलं तर ते कण पॅडमध्ये अडकणार आणि चरे काढायला निघालेला माणूस मशीनच्या वेगाने नवे चरे पाडत बसणार.

आता मशीन. कोल्हापुरात या बाबतीत एक मोठा मोह आहे आणि त्याचं नाव ग्राइंडर. वर्कशॉपांनी भरलेल्या उद्यमनगरात ज्याचा कुणी ओळखीचा नाही असा माणूस इथं सापडणं अवघड. ग्राइंडर प्रत्येकाच्या ओळखीत असतो, लोकरीचं बोनेट, म्हणजे चकतीवर चढवायची टोपी, कुठंही मिळतं, मग झालं काम, असं वाटतं. पण चार इंची ग्राइंडर मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फेरे घेतो. पॉलिश करायचं रोटरी मशीन साधारण सहाशे ते तीन हजारांत चालतं आणि रंगावर ते बहुतेक वेळ दोन हजारांच्या खालीच ठेवतात. डेंटिंग-पेंटिंग करणारे एक मामा आहेत, त्यांच्यासमोर मी ग्राइंडरचा विषय काढला तर हसले. म्हणाले, "साहेब, ते कापायला असतंय. रंगाला लावलासा तर डायरेक्ट पत्रा बघायला मिळंल."

मामा स्वतः रोटरीच वापरतात. त्यांचं काम बघत उभं राहणं हा एक आनंद आहे. मशीन एका हातात, वायर खांद्यावरून पाठीमागं टाकलेली, आणि दर थोड्या वेळाने मोकळ्या हाताची मागची बाजू पत्र्याला लावून बघणार. "ह्या हाताला चटका बसला की थांबायचं." रोटरीत पॅड एकाच अक्षावर गरगर फिरतं, त्यामुळे ते भरपूर कापतं आणि भरपूर तापतं. एका जागी रेंगाळलं की रंग जळतो. मामांचा हात वीस-पंचवीस वर्षांचा. माझा हात कीबोर्डवरचा.

म्हणून आपल्यासारख्यांना ड्युअल अ‍ॅक्शन, म्हणजे डीए. यात पॅड स्वतःभोवती फिरता फिरता एका लहान कक्षेतही हलत राहतं, आणि स्वतःभोवतीचं फिरणं बहुतेक मशीनमध्ये सक्तीचं नसतं. जास्त दाबलं की फिरणं थांबतं, नुसती थरथर उरते. मशीनचा तोच दोष आपला विमा आहे. जाहिरातीत १५ मिलिमीटर, २१ मिलिमीटर असे आकडे असतात, ते त्या कक्षेच्या व्यासाचे. २१चं मशीन मोठ्या सपाट पत्र्यावर भराभर काम करतं, पण आपल्या लहान गाड्यांना सपाट पत्रा असतो किती? छत आणि बॉनेट सोडलं तर सगळी वळणं. वळणावर मोठ्या कक्षेचं पॅड लवकर अडखळतं. पहिल्या मशीनला १५ पुष्कळ झालं.

मशीनपेक्षा मी प्लेटबद्दल जास्त आग्रही आहे. पॅड ज्या चकतीवर वेल्क्रोने बसतं ती बॅकिंग प्लेट. स्वस्त मशीनबरोबर बऱ्याचदा सहा इंची म्हणजे १५० मिलिमीटरची येते. पाच इंची, १२५ मिलिमीटरची घ्यावी, आणि मशीन घेतानाच तशी मिळते का बघावं. नंतर बदलू म्हणून चालेलच असं नाही, कारण मशीनच्या आतलं वजन ठरावीक प्लेटशी तोललेलं असतं, दुसरी लावली की हात झिणझिण्यांनी बधिर होतो. पाच इंची प्लेटवर साडेपाच इंची पॅड छान बसतं. पॅड प्लेटपेक्षा थोडं मोठं हवंच, नाहीतर प्लेटची कडा रंगाला लागते.

पॅडच्या रंगांवर विश्वास ठेवू नये. एका कंपनीचं केशरी पॅड कापणारं, दुसऱ्या कंपनीचं केशरी फिनिशिंगचं, असं चालतं. सगळ्यांना लागू असा नियम नाही. पाकिटावर काय लिहिलंय ते वाचायचं आणि बोटाने दाबून बघायचं. कडक फोम जास्त कापतो, मऊ कमी. दुकानदार सात रंगांचा, लोकरीच्या बोनेटसकटचा सेट पुढं करतो, तो दिसायला झकास असतो आणि त्यातली दोनच पॅड आपल्या कामाची निघतात. त्यापेक्षा मध्यम फोमची एकसारखी तीन-चार आणि मऊ फिनिशिंगची दोन घ्यावीत. एकाच प्रकारची तीन-चार कशाला, असं बायकोनं विचारलं होतं. त्याचं उत्तर असं, की एक-दोन पत्र्यांनंतर पॅड कंपाउंडने भरतं, तापतं, फोम मऊ पडतो आणि कापणं थांबतं. तसंच रेटलं तर मधला डिंक सुटतो, वेल्क्रो वितळतो. तापलेलं पॅड बाजूला ठेवून दुसरं लावायचं. कॉम्प्रेसरने हवा मारून पॅड साफ करणारे लोक आहेत, आपल्याकडं भांड्यांच्या विभागातला मऊ नायलॉनचा ब्रश आहे. मशीन अगदी कमी वेगात ठेवून ब्रश पॅडवर धरला की वाळलेली भुकटी उडून जाते. काम संपलं की भांडी धुवायच्या लिक्विडने धुवून, पिळून नाही, दाबून पाणी काढायचं आणि तोंड खाली करून सावलीत वाळवायचं.

एवढी चिकाटी कशासाठी, तर ज्या थरावर हे सगळं चालतं तो थर फारच पातळ असतो. आजच्या गाड्यांवर रंगाच्या वर पारदर्शक क्लिअरकोट असतो, कंपनीतून येताना साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोक्यावरचा केस यापेक्षा जाड भरतो. प्रायमरपासून वरपर्यंत सगळं मिळून शंभर-सव्वाशे मायक्रॉन. चरा हा या पारदर्शक थरातला खड्डा असतो, आणि पॉलिश म्हणजे खड्डा भरणं नव्हे, आजूबाजूची जमीन खाली आणणं. उन्हापासून रंग वाचवणारा मालही याच थरात असतो. म्हणून मी दोन बजेटं धरून चालतो, एक पैशाचं आणि एक मायक्रॉनचं. पैशाचं दर महिन्याच्या एक तारखेला पुन्हा भरतं. दुसरं गाडी शोरूममधून निघाली त्या दिवशी एकदाच भरलेलं असतं, आणि सेकंडहँड गाडीत आधीच्या मालकाने त्यातलं किती उडवलंय ते रंगाची जाडी मोजायच्या यंत्राशिवाय कळत नाही. ते यंत्र माझ्या यादीत नाही, त्याची किंमत माझ्या बजेटात बसत नाही. त्याऐवजी घाबरून काम करतो.

घाबरण्याचे काही नियम आहेत. नख अडकेल असा ओरखडा काढायच्या नादाला लागायचं नाही, तो खोल गेलेला असतो, त्याची धार थोडी बोथट झाली तरी बास. कडा, दरवाजावरच्या धारदार रेघा इथं रंग मुळातच पातळ बसतो, त्यावर मास्किंग टेप. टेप गाडीचा रंग विकणाऱ्या दुकानातूनच घ्यावा. स्टेशनरीतला पांढरा टेप तासाभराने डिंक मागं ठेवून निघतो. काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवरही टेप लागतोच, कारण तिथं कंपाउंड वाळलं की पांढरं होऊन बसतं आणि दात घासायच्या ब्रशलाही दाद देत नाही. बंपर प्लॅस्टिकचा, त्याच्यातून उष्णता पत्र्यासारखी पसरत नाही, तो लवकर तापतो. आणि पॅडवर गाडीचाच रंग उतरायला लागला तर मशीन तिथंच बंद. एक तर क्लिअरकोट संपलाय किंवा तिथं तो नव्हताच. दसऱ्याला छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक दसरा चौकात येते तेव्हा सगळे गाडीकडं बघतात, मी तिच्या चकाकीकडं बघतो. तिच्या काळात क्लिअरकोट नावाची भानगड नव्हती. रंग एकच, आणि पॉलिश करणाऱ्याच्या फडक्यावर तो उतरायचाच.

कंपाउंडच्या बाबतीत माझं बजेट एका बाटलीचं आहे. कटिंग कंपाउंड, मग पॉलिश, मग फिनिशिंग अशी तीन बाटल्यांची उतरंड चोख कामाला हवी असते. माझ्यासारख्याने एक मध्यम पॉलिश आणि मध्यम फोम घ्यावा, त्यात जेवढे चरे जातील तेवढे जाऊ द्यावेत. उरलेले राहिले तर राहिले. मोठी बाटली घेऊ नये. एका हॅचबॅकला लागतं थोडंच, आणि उरलेली बाटली माळ्यावर दोन उन्हाळे काढून घट्ट होते.

बाटलीइतकाच जरुरीचा आहे औषधाच्या दुकानातला आयसोप्रोपिल अल्कोहोल, पाणी मिसळून पातळ केलेला. पॉलिशमध्ये तेलं असतात, ती चऱ्यात भरून बसतात आणि गाडी नव्यासारखी दिसते. पहिल्या-दुसऱ्या धुण्यात ती निघून जातात आणि चरे परत हजर. बाजारात बऱ्याच 'रबिंग-पॉलिश'ची जादू एवढीच असते. अल्कोहोलच्या पाण्याने पुसलं की खरं काय ते तिथल्या तिथं दिसतं. सोबत एक पांढरा एलईडी टॉर्च. पार्किंगमधल्या ट्यूबलाइटखाली कुठलीही गाडी देखणी दिसते.

सुरुवात कायम बॉनेटच्या एका कोपऱ्यातल्या दीड-दोन फुटांच्या चौकोनापासून. चौकोन टेपने आखून घेतो. गाडी सावलीत, पत्रा हाताला थंड. आमच्याकडं एप्रिलमध्ये हे सकाळी नऊच्या आतच जमतं. घड्याळ, अंगठी काढलेली, पट्ट्याच्या बकलवरून जुना टी-शर्ट ओढलेला, वायर मामांसारखी खांद्यावर. नव्या पॅडवर पॉलिश बोटाने हलकंसं पसरून घ्यायचं, मग वाटाण्याएवढे चार थेंब. मशीन बंद असतानाच पॅड पत्र्यावर टेकवायचं, सगळ्यात कमी वेगाला पसरवायचं आणि मग वेगाचा आकडा चार-पाचवर न्यायचा. हात सेकंदाला इंच-दोन इंच सरकेल एवढा सावकाश. आधी आडवे पट्टे, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढलेला, मग त्यावरच उभे. बॅकिंग प्लेटच्या कडेला मी काळ्या मार्करने एक जाड रेघ मारून ठेवली आहे. पॅड फिरत असेल तर ती रेघ फिरताना दिसते, जागेवर लुकलुकायला लागली की समजायचं, दाब जास्त झाला किंवा पॅड तिरकं झालं. मशीनच्या वजनाला आपल्या हाताचं थोडंसंच वजन जोडायचं असतं, पण माणूस जोर लावतोच. भांडी घासताना जोर लावायचा हे लहानपणापासून हाडात बसलेलं आहे. रेघेकडं डोळा ठेवला की तो जोर आपोआप कमी होतो. चार-पाच फेऱ्यांनी पॉलिशचा थर इतका विरळ होतो की त्यातून निळा रंग दिसायला लागतो. तिथं थांबायचं, पुसायचं, अल्कोहोल मारायचा, टॉर्च तिरका धरायचा. जे पॅड आणि जे पॉलिश या चौकोनात चाललं तेच सगळ्या गाडीला. टेप काढल्यावर चौकोनाच्या आत निळा आणि बाहेर राखाडी निळा अशी सरळ रेघ उमटते. पोराला तेवढं दाखवायला खाली बोलावलं होतं. तो म्हणाला, "बाबा, आता सगळीच करावी लागेल."

पुसायची फडकी हा सगळ्यात दुर्लक्षित खर्च. सिग्नलवर मिळणारं पिवळं मायक्रोफायबर काचेला, चाकांना ठीक. रंगासाठी जाडसर, लांब धाग्याचं, कडेला शिवण नसलेलं हवं, साडेतीनशे जीएसएमच्या (चौरस मीटरला इतके ग्रॅम) आसपासचं. त्याच्या कोपऱ्यावरचं लेबल आधी कापून टाकायचं, सगळी मेहनत ते एकटं वाया घालवू शकतं. दहा-बारा तरी लागतात, कारण खाली पडलेलं फडकं त्या दिवसापुरतं संपलं. झटकून परत वापरायचं नाही, कितीही जीव तुटला तरी. ती सुती कपड्यांबरोबर मशीनला टाकायची नाहीत, कापसाचे तंतू धरतात. कपडे मऊ करायचं सुवासिक लिक्विड तर अजिबात नाही, त्याने धाग्यांवर थर बसतो आणि फडकं पाणी ओढायचं थांबतं. या एका मुद्द्यावरून आमच्या घरात आता दोन वेगळ्या बादल्या आहेत.

पॉलिश झालं की रंग उघडा असतो, त्यावर काहीतरी बसवावं लागतं. मी साधं लिक्विड सिलंट लावतो, काही महिने टिकतं, परत लावायला पैसे फार जात नाहीत. सिरॅमिक कोटिंगच्या बाटल्या घरी लावायलाही मिळतात, पण ते कोटिंग घट्ट झाल्यावर हुकलेली जागा परत पॉलिश करूनच काढावी लागते, म्हणजे पुन्हा मायक्रॉन. एवढ्यात नको.

खंडेनवमीला आईने बॉनेटवर स्वस्तिक काढायला कुंकू आणि हळद घेतली तेव्हा मी मधे पडलो. दरवर्षी ते कुंकू दुसऱ्या दिवशी कोरडंच पुसलं जायचं, आणि हाराची तार दोन्ही आरशांपासून नंबरप्लेटपर्यंत घासत लोंबायची. आई म्हणाली, "मग काय गाडीची पूजा करायची नाही म्हणतोस?" शेवटी तडजोड झाली. स्वस्तिक पुढच्या काचेच्या कोपऱ्यावर, काच रंगापेक्षा कितीतरी कडक असते. हार तारेऐवजी सुताचा. लिंबू चाकाखाली, त्याला माझी हरकत नव्हती. मामांनी मात्र त्याच दिवशी त्यांच्या रोटरीला हार घातला होता आणि मशीनवर नीट हळद-कुंकू वाहिलं होतं.

सध्या सासऱ्यांची गाडी गळ्यात आहे. गडहिंग्लजहून येताना रात्री समोरचं दिसत नाही म्हणतात. हेडलाइट पिवळे पडलेत. ते पॉलीकार्बोनेटचे असतात, वरचा यूव्हीचा थर उन्हाने गेला की पिवळे आणि धुरकट होतात. पॉलिशने लखलखीत होतील, पण वर नवा यूव्ही कोट दिला नाही तर काही महिन्यांत पुन्हा तसेच. यादी करून ठेवली आहे: हजार, दोन हजार आणि तीन हजार ग्रिटचे पाण्याचे पॉलिशपेपर, मास्किंग टेपची नवी गुंडाळी, यूव्ही क्लिअरचा एक डबा, आणि मध्यम फोमची अजून दोन पॅड. सासऱ्यांना मशीनची किंमत सांगितली आहे. पॅडची अजून सांगितलेली नाही.